‘तर’ आणि ‘तरच’ : अमळनेरच्या अभ्यासिकेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेरच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी दोन तास बुद्धिमत्ता आणि तर्कक्षमता शिकवतो. लांब टेबलं, पंखे, कोपऱ्यात पाण्याचा जार आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसलेली पोरं-पोरी. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. कुणी पारोळ्याकडून येतं, कुणी धरणगावकडून. इथे जिची हकिकत सांगतोय ती मुलगी तापीच्या पलीकडची, चोपडा तालुक्यातली. रोज एसटीने नदी ओलांडून यायची. तिची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच मांडल्या आहेत.

बी.एस्सी. झालेली, गणितात पक्की, वाचन दांडगं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी चालली होती. या परीक्षेचा पेपर दोन, म्हणजे सीसॅट, २०१३ साली आला. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. आता तो पात्रतेपुरता आहे. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण पडले की सुटला. ‘पात्रतेपुरता’ या शब्दाने फार मुलं फसतात. पेपर एकमध्ये कितीही गुण असोत, इथे ६६ पडले नाहीत तर ते मोजले जात नाहीत. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्याच्या २५ टक्के वजा, म्हणजे ०.६२५.

अडचण

पहिल्या सराव पेपरात तिचे २९ बरोबर आले, २३ चुकले. ७२.५ वजा १४.३७५, म्हणजे ५८.१२५. (निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना चुकलं तरी वजाबाकी नसते. आमच्या सराव पेपरात ते प्रश्न नसतात, त्यामुळे प्रत्येक चुकीला वजाबाकी आहेच.) उताऱ्यांवरचे प्रश्न बरे होते, अंकगणित उत्तम होतं. सगळी गळती एकाच ठिकाणी होती. विधानं-निष्कर्ष आणि नियमांवर आधारित १४ प्रश्न तिने सोडवले होते, त्यातले फक्त ४ बरोबर.

यातली गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की त्या दहा चुकांपैकी एकाही ठिकाणी तिला शंका आली नव्हती. ज्या उत्तराची खात्री नाही त्याच्यापुढे ती पेन्सिलने बारीक टिंब देते. त्या दहांपुढे एकही टिंब नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिनेच काढला, की सर, हा भाग सोडूनच देते. आम्ही हिशेब मांडला. ते १४ प्रश्न कोरे सोडले असते तर २५ बरोबर आणि १३ चूक राहिले असते, म्हणजे ५४.३७५ गुण. सोडून दिल्याने पावणेचार गुण आणखी कमी झाले असते. तो पर्याय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय, आणखी प्रश्न सोडवायचे. तिच्याजवळ जाडजूड गाइड होतं, त्यातला हा भाग तिने दोनदा पूर्ण केला होता. चुकीच्या वाटेने माणूस जितका जास्त चालेल तितकी ती वाट पायाखालची होते, म्हणून हेही मला पटेना.

तिसरा पर्याय, वर्तुळं काढून सोडवायची पद्धत आणि क्लासमध्ये सांगतात तशा युक्त्या. चौथा, थांबायचं आणि ती प्रश्न वाचते तेव्हा तिच्या मनात काय चालतं ते आधी ऐकायचं.

मी तिसरा निवडला. हा निर्णय चुकला आणि त्यात तीन आठवडे गेले. ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ यांच्यासाठी वर्तुळं उपयोगी पडतात, यात वाद नाही. पण तिची चूक वर्तुळ काढायच्या आधीच झालेली असायची. वाक्य मनात उतरतानाच त्याचा अर्थ बदलायचा आणि त्या बदललेल्या अर्थाचं वर्तुळ ती अगदी नीट काढायची.

काय केलं

तीन आठवड्यांनी एका रविवारी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, उत्तर नको, जे मनात येईल ते मोठ्याने बोल. पहिला प्रश्न असा होता:

नियम: विद्यार्थिनी तालुक्याबाहेरची असेल तर तिला वसतिगृहात जागा मिळते. ‘क’ला जागा मिळाली आहे. यावरून काय नक्की सांगता येतं?

तिने लगेच ‘क तालुक्याबाहेरची आहे’ वर खूण केली. का, विचारलं. म्हणाली, “सर, गावातली पोरगी वसतिगृहात कशाला राहील? घर आहे ना तिला.”

हे ऐकल्यावर मला माझी चूक कळली. ती मुलगी तर्कात कच्ची नव्हती. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा नियमाचा जो अर्थ घेतात, तोच ती घेत होती. आई म्हणते, अभ्यास केला तर जत्रेला नेईन. पोराला बरोबर कळतं, नाही केला तर नेणार नाही. आईने ते दुसरं वाक्य उच्चारलेलंही नसतं. बोलताना आपण न बोललेला अर्धा भाग भरून काढतो आणि तो भरला नाही तर संसार चालणार नाही. परीक्षेतला नियम मात्र छापलेला असतो तेवढाच असतो. तालुक्यातली पण घरी अडचण असलेली मुलगीही दुसऱ्या एखाद्या नियमाने वसतिगृहात असू शकते. तशी असू शकते एवढं पुरतं, मग ‘क’ बाहेरची आहे असं नक्की म्हणता येत नाही.

तिच्या दहा चुका आम्ही वेगळ्या काढल्या. पाच याच जातीच्या, नियम उलटा वाचलेला. दोनमध्ये ‘अट पूर्ण नाही, म्हणून परिणामही नाही’ असं धरलेलं. एकात ‘फक्त’ हा शब्द नजरेतून सुटलेला. उरलेल्या दोन ठिकाणी बाहेरचं ज्ञान आत आलं होतं आणि त्यातली एक चूक मी विसरणार नाही. विधानं होती: ‘सर्व नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी ही नदी आहे.’ निष्कर्ष: ‘तापी पूर्वेकडे वाहते.’ तिने लिहिलं, निष्कर्ष निघत नाही. म्हणाली, “सर, रोज पुलावरून बघते मी. तापी सुरतकडे जाते.” खरंच आहे. पण विधानं खरी मानायची असं प्रश्नातच लिहिलेलं असताना तो निष्कर्ष निघतोच. निष्कर्ष खरा आहे की नाही आणि तो निघतो की नाही, हे दोन निराळे प्रश्न आहेत. खानदेशातल्या मुलीला तापी उलटी वाहवायला सांगणं जड जातं, हे मला समजतं. तरी त्या चौकटीवर खूण करावीच लागते.

आता उलट्या वाचनाचं काय करायचं? जुन्या लग्नपत्रिका कापून मी चार पत्ते केले. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. टेबलावर दिसत होतं: आ, क, ४, ७. नियम सांगितला, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम मोडलाय का हे बघायला कोणकोणते पत्ते उलटशील? तिने ‘आ’ आणि ‘४’ उलटले. हा प्रयोग माझा नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली तो मांडला आणि त्याच्या प्रयोगात दहात एकालाही धड जमलं नव्हतं. उत्तर आहे ‘आ’ आणि ‘७’. ‘४’च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे सम संख्या चालणार नाही असं नियम म्हणतच नाही. ‘७’च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला.

मग दुसरे चार पत्ते मांडले. कापूस खरेदी केंद्राचं फाटक. नियम: गाडी आत आली असेल तर तिच्याकडे टोकन हवं. पत्ते: ‘गाडी आत’, ‘गाडी बाहेर’, ‘टोकन आहे’, ‘टोकन नाही’. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिने पहिला आणि चौथा उचलला. १९८२ साली फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना बिअर आणि वयाच्या अटीचा असाच प्रश्न घातला होता, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी बरोबर उत्तर दिलं होतं. परवानगीचा, शिस्तीचा नियम समोर आला की लबाडी कुठे होईल हे माणूस आपोआप शोधतो.

त्या पत्त्यांवरून बोलणं कापसाकडे वळलं. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर कापूस घेत नाहीत, हे इकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिला विचारलं, यंदा तुमच्या मालाचा ओलावा बाराच्या खाली होता का? ती अहिराणीवरच आली. “ओल दहाच व्हती सर, तरी माल परत उना. कवडी जास्त शे म्हने.” म्हणजे ओलावा कमी असूनही माल दुसऱ्याच कारणाने, खराब कापूस जास्त म्हणून, परत आला होता.

मी काही बोललो नाही. वसतिगृहाच्या प्रश्नाचं पान तिच्यापुढे सरकवलं. ती पानाकडे बघत राहिली. मग पेन्सिलीने कापसाच्या नियमाखाली लिहिलं: ओलावा बाराच्या वर → माल परत. त्याखाली: माल परत → ओलावा बाराच्या वर? आणि प्रश्नचिन्हाला गोल केला. “म्हणजे बाण उलटा फिरवता येत नाही,” ती म्हणाली. दहावीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो, हे तिनेच आठवून सांगितलं. व्यत्यास आपोआप मिळत असता तर तो सिद्ध करायची गरजच नव्हती. चौरसाचे कर्ण समान असतात, पण कर्ण समान दिसले म्हणून चौरस म्हणता येत नाही, आयतही असू शकतो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण अमळनेरमध्ये बसून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रताप शेठजींनी १९१६ साली या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी त्या ओढीनेच इकडे आले आणि मग इथल्या शाळेत शिकवू लागले. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. आणि त्याच्या उलट, अग्नी आहे म्हणून धूर आहे असं कुणी म्हटलं, तर नैयायिक त्याच्यापुढे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतो. विस्तव आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं, ती अट वेगळी. लोहाराच्या भात्यासमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे डोळ्यांनी दिसतं. मी तिला हे सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्यात ‘लोखंडाचा गोळा’ हा शब्द रुळला. एखादा निष्कर्ष नक्की आहे असं वाटलं की विचारायचं, याला लोखंडाचा गोळा सापडतो का? म्हणजे सगळे नियम पाळले जातात आणि तरी हा निष्कर्ष खोटा ठरतो, अशी एक तरी गोष्ट रचता येते का? आली, तर निष्कर्ष निघत नाही. कितीही डोकं लढवून आली नाही, तर निघतो.

पुढच्या सराव पेपरात या भागात १२ पैकी ५ बरोबर. मला वाईट वाटलं, तिला त्याहून जास्त. फाटक आणि कापूस समोर असेपर्यंत जे कळत होतं ते ‘प’ आणि ‘फ’ आल्यावर नाहीसं होत होतं. समजणं आणि हाताला वळण लागणं यांत अंतर असतं आणि ते मी गृहीत धरलं नव्हतं. इथे दुसरा निर्णय घ्यावा लागला. आणखी गोष्टी सांगायच्या, की आता गोष्टी सोडून कोरड्या अक्षरांवर यायचं? आम्ही अक्षरांवर आलो. रोज पाचच नियम. प्रत्येकाखाली दोनच ओळी. एक, बाण जसा आहे तसा: ‘प → फ’. दुसरी, टोकाकडून नाकारत मागे येणारी: ‘फ नाही → प नाही’. तिसरी ओळ लिहायचीच नाही, मनात आली तरी.

मग आला मराठीतला सगळ्यात अवघड अक्षर-बदल, ‘च’. ‘पाऊस पडला तर पेरणी करीन’ आणि ‘पाऊस पडला तरच पेरणी करीन’. पहिल्यात पावसावरून पेरणी कळते. दुसऱ्यात पेरणी दिसली की पाऊस पडलेला असणार हे कळतं, पण पाऊस पडूनही पेरणी राहू शकते, बियाणं नसेल, पैसे नसतील. एका ‘च’ने बाण फिरतो. ‘पावतीशिवाय प्रवेश नाही’, ‘फक्त पावतीधारकांनाच प्रवेश’, ही दोन्ही वाक्यं ‘प्रवेश → पावती’ एवढंच सांगतात. पावती असलेल्या प्रत्येकाला आत सोडतीलच असं त्यांत नाही. पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो. ‘च’वर अडलं तर शेजारची इंग्रजी ओळ बघायची सवय तिला लावली, तिथे ‘ओन्ली’ कुठे बसलंय ते दिसतं. ‘काही’चंही तसंच. बोलताना ‘काही केळी पिकली’ म्हणजे काही कच्ची आहेत असं आपण धरतो. परीक्षेत ‘काही’ म्हणजे निदान एक, कदाचित सगळीसुद्धा.

एक प्रश्न पूर्ण दाखवतो, कारण त्यावर ती सगळ्यात जास्त अडखळली होती. समितीत अ असेल तर ब असतो. ब असेल तर क नसतो. ड असेल तरच क असतो. क समितीत आहे. नक्की काय? ती दर वेळी अ पासून सुरू करायची, कारण पहिला नियम अ चा होता. ‘अ असेल तर’ आणि ‘अ नसेल तर’ अशा दोन फांद्या काढून दमायची. आम्ही ठरवलं, सुरुवात नियमापासून नाही, जे पक्कं दिलंय तिथून करायची. क आहे. तिसऱ्या नियमात ‘तरच’ आहे, म्हणून ड आहेच. दुसरा नियम मागून वाचला तर क आहे म्हणजे ब नाही. पहिला मागून वाचला तर ब नाही म्हणजे अ नाही. चार ओळींत संपलं. पर्यायांत ‘इ समितीत आहे’ असंही होतं. इ बद्दल एकही नियम नाही, म्हणून काहीच सांगता येत नाही. तो पर्याय ती आधी ‘उरला म्हणून’ निवडायची.

निकाल

तिसऱ्या सराव पेपरात या भागातले ९ सोडवले, ७ बरोबर. एकूण ३० बरोबर, १२ चूक, ६७.५ गुण. पात्र, पण जेमतेम. शिवाय पेपरच्या शेवटी बरेच प्रश्न वाचायचेच राहिले होते. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एकाला दीड मिनिट आणि ती प्रत्येक पर्यायासाठी लोखंडाचा गोळा शोधत तीन-चार मिनिटं बसत होती. तिथे पद्धत छाटली. आधी दोन ओळी लिहायच्या, त्यांत न बसणारे पर्याय खोडायचे आणि शेवटी दोन उरले तरच उलटी गोष्ट रचायची. चौथ्या पेपरात १३ पैकी १० बरोबर. एकूण ३५ बरोबर, १५ चूक, ७८.१२५ गुण.

प्रत्यक्ष परीक्षेत तिचा पेपर दोन सुटला. पेपर एकच्या कटऑफला मात्र ती अडली आणि त्या वर्षी मुख्य परीक्षेला बसता आलं नाही. हे लिहायला जड जातं, पण लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षासाठी ती परत बसली आहे, आणि या वेळी तिचा सगळा वेळ इतिहास-भूगोलाला आहे.

पुन्हा केलं तर

वर्तुळांचे तीन आठवडे मी वाया घालवणार नाही. चुकलेल्या उत्तरामागचं कारण विचारायला मला दहा मिनिटं लागली असती. गुणपत्रिकेतून ते कळणं शक्य नव्हतं, तिच्या तोंडूनच ऐकावं लागणार होतं.

कापसाच्या उदाहरणाबद्दल मी अजून साशंक आहे. त्याने दार उघडलं, हे खरं. पण ओळखीचा विषय आला की ओळखीचं ज्ञानही आत घुसतं, तापीसारखं. कदाचित पहिल्या दिवशी कापूस आणि दुसऱ्याच दिवशी अक्षरं, असं करायला हवं होतं. मी मध्ये आठ दिवस जाऊ दिले.

वेळेकडेही सुरुवातीपासून लक्ष हवं होतं. बरोबर विचार करायला शिकणारं मूल आधी हळू होतं, ते तसं व्हायलाच हवं. फक्त परीक्षेची तारीख जवळ असेल तर ते किती दिवस परवडेल हे आधी ठरवावं लागतं. तिच्या बाबतीत दोन आठवडे जास्त होते म्हणून निभावलं.

नव्या बॅचला आता पहिल्याच संध्याकाळी चार पत्ते देतो आणि कुणी कोणता पत्ता का उलटला ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. मागच्या वेळी एका मुलाने ‘४’ उलटण्याचं कारण लिहिलं होतं, “नियमात सम लिहिलंय म्हणून.” त्याच्यासाठी पुढचे चार दिवस काय शिकवायचं ते त्या एका ओळीने ठरलं.